दुखणं पळवणारं औषध आणि हाडांचे गवंडी

आज गोष्ट स्टिरॉइडची.

१९४८ साल. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या रॉचेस्टर गावी मेयो क्लिनिक नावाचा मोठा दवाखाना आहे. तिथे २९ वर्षांची एक बाई संधिवातानं पार जखडून गेली होती. तिथल्या डॉ. फिलिप हेंच यांनी एक गोष्ट कितीतरी वर्षं टिपून ठेवली होती. संधिवात असलेल्या बाईला दिवस गेले की दुखणं ओसरतं, बाळंतपणानंतर पुन्हा उलटतं. म्हणजे शरीरच काहीतरी औषध तयार करत असणार! बायांचं सांगणं कुणीतरी नीट ऐकून घेतलं, म्हणून हा धागा हाती लागला, हे मला फार मोलाचं वाटतं.

त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल यांनी मूत्रपिंडांच्या डोक्यावर असणाऱ्या छोट्या ग्रंथींतून एक द्रव्य वेगळं काढलं होतं. २१ सप्टेंबरला त्याचं पहिलं इंजेक्शन त्या बाईला दिलं. आठवडाभरात ती चालत खरेदीला बाहेर पडली. ते औषध म्हणजे कॉर्टिझोन. १९५० साली त्यासाठी नोबेल पारितोषिकही मिळालं.

पण हाडांचा इशारा आधीच मिळालेला होता. १९३२ साली डॉ. हार्वी कुशिंग यांनी काही रोग्यांची हकिगत छापली होती. चेहरा गोल सुजलेला, पाठीला पोक, कंबर दुखते, उंचीसुद्धा कमी झालेली. अशा रोग्यांच्या शरीरातच हे द्रव्य जास्त बनतं, हे पुढे उलगडलं.

असं का होतं? आपलं हाड मातीच्या भिंतीसारखं असतं. काही पेशी जुना थर खरवडतात, दुसऱ्या पेशी गवंड्यासारखा नवा थर भरतात. स्टिरॉइड जास्त दिवस चाललं की नवे गवंडी कमी तयार होतात आणि असलेले लवकर मरतात. १९९८ साली अमेरिकेतल्या वाइनस्टाइन, मनोलागास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे उंदरांवर आणि रोग्यांच्या हाडांच्या तुकड्यांवर दाखवलं. खरवडणं मात्र थांबत नाही. झीज पहिल्या काही महिन्यांतच वेगानं होते, आणि मणके, बरगड्या आधी कमजोर होतात.

म्हणून गोळ्या फेकून द्यायच्या का? मुळीच नाही. दमा, संधिवात यांत स्टिरॉइडनं जीव वाचतात, हातपाय चालते राहतात. आणि बाहेरून गोळी मिळत राहिली की शरीरातली ती ग्रंथी झोपी जाते. गोळी एकदम बंद केली तर चक्कर, उलट्या, कधी जिवावरही बेतू शकतं. डोस कमी करायचा तो डॉक्टरांनीच, हळूहळू. तीन महिन्यांच्या वर गोळी चालणार असेल तर विचारा, कमीत कमी किती डोसवर भागेल? हाडांची तपासणी करायची का? कॅल्शियम, ड जीवनसत्त्व लागेल का? दम्याच्या पंपातून औषध फार थोडं जातं, त्याला घाबरून पंप सोडू नका.

बाजारात गुडघेदुखीची बिननावाची पुडी मिळते. दोन दिवसांत जादूसारखा गुण आला, तर ती पुडी घेऊन सरकारी दवाखान्यात जा आणि आत काय आहे ते विचारा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे.