मोबाइलला जोडलेला वजनकाटा: कोणत्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा?

पूर्वी वजन पाहायचं तर रेल्वे स्टेशनवरच्या उंच मशीनवर चढायचं, नाणं टाकायचं आणि खाली पडणारं जाड कार्ड उचलायचं. कार्डाच्या एका बाजूला वजन, दुसऱ्या बाजूला भविष्य. आता हजार-दोन हजार रुपयांत काचेचा 'स्मार्ट' काटा घरी येतो. ब्लूटूथने मोबाइलला जोडला की वजनाबरोबर चरबी, स्नायू, पाणी, हाडं, अगदी 'शरीराचं वय'सुद्धा स्क्रीनवर झळकतं. यातले काही आकडे त्या कार्डाच्या पुढच्या बाजूचे आहेत, काही मागच्या बाजूचे. कोणते कुठले, हे समजून घेतलं तर काटा उपयोगाचा. नाहीतर उगाच डोक्याला ताप.

काटा प्रत्यक्षात मोजतो दोनच गोष्टी

पहिली गोष्ट वजन. काचेखाली चार कोपऱ्यांत चार 'लोड सेल' असतात. भार पडला की त्यातला धातूचा भाग किंचित वाकतो, त्यावरच्या तारेचा विद्युतरोध बदलतो आणि त्यावरून वजन कळतं. हे तंत्र जुनं आणि भरवशाचं आहे. घरगुती काटे साधारण ५० किंवा १०० ग्रॅमच्या टप्प्याने आकडा दाखवतात.

दुसरी गोष्ट शरीराचा विजेला होणारा अडथळा. अनवाणी उभं राहिलं की पायाखालच्या धातूच्या पट्ट्यांतून अतिशय क्षीण करंट एका पायातून चढून दुसऱ्या पायातून उतरतो. तो जाणवतही नाही. बहुतेक काट्यांत त्याची वारंवारता ५० किलोहर्ट्झ असते. स्नायूंत पाणी आणि क्षार भरपूर, म्हणून त्यातून वीज सहज जाते. चरबीत पाणी कमी, म्हणून ती अडते. हा अडथळा ओहममध्ये मोजला जातो. या पद्धतीला बायोइलेक्ट्रिकल इम्पिडन्स म्हणतात. जपानच्या तानिता कंपनीने १९९२ मध्ये ती पायाखालच्या काट्यात आणली. २००९ मध्ये फ्रान्सच्या विथिंग्ज कंपनीने वाय-फायने जोडलेला काटा बाजारात आणला आणि आकडे थेट मोबाइलवर यायला लागले.

बाकीचे आकडे येतात कुठून?

सूत्रातून. ओहमचा तो एक आकडा, तुमचं वजन आणि तुम्हीच अ‍ॅपमध्ये भरलेली उंची, वय, लिंग यांवरून हिशेब होतो. खात्री करायची असेल तर अ‍ॅपमध्ये स्वतःचं वय दहा वर्षांनी वाढवा आणि पुन्हा काट्यावर उभे राहा. शरीर तेच, पण बऱ्याच अ‍ॅपमध्ये चरबीची टक्केवारी बदललेली दिसेल. प्रत्येक कंपनीचं सूत्र वेगळं असतं. त्यामुळे तुमच्या घरचा काटा आणि जिमचा काटा एकाच सकाळी दोन वेगळी उत्तरं देतात. त्यांची तुलना करून काही हाती लागत नाही.

आणखी एक अडचण आहे. पायातून शिरलेला करंट मुख्यतः पाय आणि ओटीपोटातूनच फिरतो. पोटाचा वरचा भाग, छाती, हात यांचा काटा निव्वळ अंदाज बांधतो. हातात धरायची मूठ असलेले काटे याबाबतीत थोडे बरे, पण तिथेही शेवटी सूत्रच.

अ‍ॅपवरच्या शब्दांचा अर्थ

- वेट: वजन. खरोखर मोजलेलं. यावर भरवसा ठेवा.
- बीएमआय: किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून आलेला आकडा. उंची बरोबर भरली असेल तर हिशेब बरोबर.
- बॉडी फॅट: चरबीची टक्केवारी. अंदाज. एका दिवसाचा आकडा सोडून द्या. दोन-तीन महिन्यांत वर जाते की खाली, एवढंच पाहा.
- बॉडी वॉटर, मसल मास: बहुतेक वेळा त्याच अंदाजाची दुसरी बाजू. चरबी जास्त दाखवली की हे आपोआप कमी दिसतात.
- व्हिसरल फॅट: पोटाच्या आतली, अवयवांभोवतीची चरबी. काटा ती थेट पाहू शकत नाही. प्रत्येक कंपनीची मोजपट्टीही वेगळी.
- बोन मास: हाडांतल्या खनिजांच्या वजनाचा अंदाज. हाडं ठिसूळ झाली आहेत का, हे यावरून कळत नाही. त्यासाठी डेक्सा तपासणी लागते.
- बीएमआर: शरीराला विश्रांतीत लागणाऱ्या कॅलरी. हा आकडा काट्याशिवायही निघतो. १९९० च्या मिफ्लिन-सेंट जिओर सूत्राने ४५ वर्षांच्या, १६० सेंटिमीटर उंच, ६२ किलो वजनाच्या बाईचा बीएमआर १,२३४ कॅलरी येतो.
- मेटाबॉलिक एज: 'शरीराचं वय'. कार्डाची मागची बाजू. हसून सोडून द्यावं.

आपल्या लोकांसाठी रेषा वेगळी

अ‍ॅप हिरवा रंग दाखवतं म्हणून निश्चिंत व्हायचं कारण नाही. बरीच अ‍ॅप बीएमआय २५ पर्यंत 'नॉर्मल' धरतात. भारतीयांसाठी २००९ मध्ये इथल्या तज्ज्ञांनी ठरवलेली रेषा २३ ची आहे. २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा. वरच्याच उदाहरणातल्या बाईंचा बीएमआय २४.२ येतो. अ‍ॅपवर त्या हिरव्या, भारतीय निकषाने मात्र वजन जास्त.

हा फरक का, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सोप्या पद्धतीने दाखवलं. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण डेक्सा तपासणीत युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. दिसायला सडपातळ, आत चरबी जास्त, ही आपल्याकडची ठेवण आहे. मधुमेह आपल्याला कमी वजनातही गाठतो, तो यामुळेच.

म्हणून काट्याबरोबर शिंप्याची साधी टेप घरात हवीच. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांत ९० सेंटिमीटर आणि बायकांत ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा. म्हणजे साधारण साडेपस्तीस आणि साडेएकतीस इंच. काट्याच्या 'व्हिसरल फॅट'पेक्षा ही टेप जास्त खरं बोलते.

वजन रोज वर-खाली का होतं?

एका दिवसात एक-दोन किलोचा फरक पडणं नेहमीचं आहे. अर्धा लिटर पाणी प्यायलात की काट्यावर अर्धा किलो वाढलाच. रात्री लोणचं, पापड, फरसाण असं खारट जेवण झालं तर शरीर पाणी धरून ठेवतं. पाळीच्या आधी बऱ्याच जणींचं वजन वाढलेलं दिसतं. उलट निर्जळी उपवासानंतर सकाळी आकडा खाली येतो. त्यात मुख्यतः पाणी असतं, शिवाय रिकामं पोट आणि स्नायू-यकृतातली साठवलेली साखर. त्या साखरेच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी साठलेलं असतं, तेही जातं.

एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. तेवढी एका रात्रीत चढत नाही आणि उतरतही नाही.

म्हणून रोजच्या आकड्यापेक्षा आठवड्याची सरासरी पाहा. समजा सोमवार ते रविवार वजन असं आलं: ६२.४, ६२.९, ६२.१, ६२.६, ६३.२, ६२.७, ६२.३. सरासरी ६२.६. पुढच्या सोमवारी ६२.९ दिसलं तर 'अर्धा किलो वाढलं' असं वाटेल. पण त्या आठवड्याची सरासरी ६२.३ आली, तर वजन प्रत्यक्षात उतरतंय. बऱ्याच अ‍ॅपमध्ये आलेखाचा साप्ताहिक पर्याय असतो, तो निवडून ठेवा.

काटा कसा वापरावा?

- सकाळी उठल्यावर, शौचाला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, शक्यतो सारख्याच हलक्या कपड्यांत वजन करा.
- जागा ठरलेली ठेवा. ओबडधोबड शहाबादी फरशीवर काटा डुगडुगतो, सतरंजीवर दबतो. दोन्हीकडे आकडा चुकतो. सपाट टाइल सगळ्यात बरी.
- पाय उघडे आणि कोरडे हवेत. मोजे घातले तर फक्त वजन येतं. टाचांना जाड घट्टे, भेगा असतील तर करंट नीट शिरत नाही आणि चरबी चुकीची दिसते.
- व्यायामानंतर किंवा घाम गाळून आल्यावर चरबी पाहू नका. पाणी कमी झालं की अडथळा वाढतो आणि काटा चरबी जास्त दाखवतो.
- खातरजमा करायची तर आधी एकटे उभे राहा, मग पाच किलोची न फोडलेली आट्याची पिशवी हातात घेऊन. फरक पाच किलोच्या आसपास यायला हवा.
- आकडा अचानक दुप्पट आला तर घाबरू नका, एकक तपासा. काही काट्यांत किलो आणि पाऊंडाबरोबर चीनचं 'जिन' हे अर्ध्या किलोचं मापही असतं. ६२ किलो तिथे १२४ दिसतात.
- घरात सगळ्यांची प्रोफाइल वेगळी करा. सासू-सुनेचं वजन जवळपास सारखं असेल तर अ‍ॅप एकीचा आकडा दुसरीच्या नावावर टाकतं. तो लगेच दुरुस्त करा, नाहीतर आलेख बिघडतो.

कुणी जपून राहावं?

पेसमेकर किंवा शरीरात बसवलेलं दुसरं विजेवर चालणारं उपकरण असेल तर करंट सोडणाऱ्या काट्यावर चढू नये. गरोदरपणात नुसतं वजन पाहावं, चरबीची मोजणी बंद ठेवावी. बहुतेक काट्यांत तशी सोय असते. मूत्रपिंडाचा आजार किंवा पायांना सूज असेल तर चरबीचा आकडा अर्थहीन असतो. आणि आकडा पाहून जेवण सोडावंसं वाटायला लागलं, विशेषतः घरातल्या तरुण मुलामुलींना, तर काटा कपाटात ठेवलेला बरा.

काही वेळा मात्र हाच काटा वेळेवर सावध करतो. हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या रुग्णांना डॉक्टर रोज वजन करायला सांगतात. एका दिवसात एक-दीड किलो किंवा आठवड्यात दोन किलोहून जास्त वाढ झाली तर ते शरीरात पाणी साठत असल्याचं लक्षण असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. याउलट, काहीच न करता सहा महिने-वर्षभरात वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं, म्हणजे ६२ किलोच्या माणसाचं तीन किलोहून अधिक, तर 'बारीक झालात' म्हणून खूश होऊ नका. मधुमेह, क्षयरोग, थायरॉइड किंवा आणखी गंभीर काही असू शकतं. तपासणी करून घ्या.

मुलं पुण्या-बेंगळुरूला आणि आई-वडील बेळगाव, इंदूर किंवा बडोद्याला, अशी घरं आता बरीच आहेत. अशा घरांत अ‍ॅप दोघांच्या फोनवर ठेवलं, तर ही हळूहळू होणारी घट लांबूनही लक्षात येते. रोज भेटणाऱ्याच्या ती नजरेतून सुटते.

माहिती जाते कुठे?

वजन, वय, उंची कंपनीच्या सर्व्हरवर साठते. जुन्या अँड्रॉइड फोनवर (आवृत्ती ६ ते ११) ब्लूटूथने काटा शोधायला 'लोकेशन'ची परवानगी लागायची, म्हणून अ‍ॅप ती मागतं. फोटो, संपर्क, मायक्रोफोन यांची वजनाला गरज नाही. तिथे नकार द्या. काटा विकला किंवा कुणाला दिला तर आधी अ‍ॅपमधून खातं पुसून टाका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागे घेण्याची आणि डेटा पुसून मागण्याची तरतूद आहे.

थोडक्यात, काट्याकडून वजनाची साप्ताहिक सरासरी घ्या, टेपने महिन्यातून एकदा कंबर मोजा, आणि वर्षातून एकदा रक्तातली साखर व रक्तदाब तपासून घ्या. डॉक्टरांकडे जाताना वजनाचा तीन महिन्यांचा आलेख आणि कंबरेचं माप दाखवा. 'शरीराचं वय' घरीच राहू द्या.