राडारोड्याची बाग

चंदीगडची आखणी ल कार्बूझिए यांनीं काटकोनांत केली. त्या सरळ रस्त्यांखालीं अनेक खेडीं गेलीं. उरला तो मोडक्या घरांचा राडारोडा. रस्ते-निरीक्षक नेकचंद सैनी यांस तो टाकाऊ वाटला नाहीं. १९४७ च्या फाळणींत ज्याचें स्वतःचें गांव पलीकडे राहिलें, त्याला पडक्या भिंतीची किंमत काय सांगावी!

१९५७ च्या सुमारास सुखना तळ्याजवळच्या एका ओसाड घळींत ते हा ठेवा सांठवूं लागले. जमीन सरकारी, बांधकामास बंदी असलेली; म्हणून काम चाले तें नोकरीचे तास संपल्यावर, पुष्कळदां रात्रीं. शिवालिकच्या पायथ्याच्या नदीपात्रांतून वेंचलेले धोंडे, कोणी पक्ष्यासारखा तर कोणी माणसासारखा, सायकलवरून येत. फुटक्या कपबश्यांच्या व बांगड्यांच्या तुकड्यांनीं सिमेंटच्या मूर्ति मढविल्या जात. घळीचे चढउतार सपाट करण्याच्या भानगडींत ते पडले नाहींत. जमीन नेईल तशा वाटा वळल्या. त्या काटकोनी शहरांत दुर्मिळ असलेलें वळण येथें पावलोपावलीं भेटतें.

सुमारें अठरा वर्षांनीं अधिकाऱ्यांना सुगावा लागला, तेव्हां बाग बारा एकरांवर पसरली होती. कायद्यानें ती पाडणेंच प्राप्त. परंतु लोकमत आड आलें. १९७६ मध्यें हें ‘रॉक गार्डन’ सर्वांस खुलें झालें, आणि निर्मात्यास त्याच कामासाठीं पगार व पन्नास मजूर मिळाले. सरकारी दप्तरांत इतका शहाणा नियमभंग क्वचितच आढळेल.

नेकचंद २०१५ मध्यें निवर्तले. २०२५ मध्यें उच्च न्यायालयाकडील रस्ता रुंद करण्यासाठीं बागेच्या भिंतीचा कांहीं भाग पाडण्यांत आला.