एका लग्नाची दुसरी गोष्ट

एका लग्नाची दुसरी गोष्ट ही झी मराठी वाहिनीवर २०१२ साली प्रसारित झालेली हलकीफुलकी प्रेमकथात्मक मालिका आहे. सतीश राजवाडे दिग्दर्शित या मालिकेत मुक्ता बर्वे (राधा) व स्वप्नील जोशी (घनश्याम ऊर्फ घना) यांच्या प्रमुख भूमिका होत्या. हे तिघे मुंबई-पुणे-मुंबई (२०१०) या चित्रपटातही एकत्र होते.

कथानक

घनाला अमेरिकेस जायचे असते, तर राधाला विवाहच नको असतो. घरच्यांच्या आग्रहामुळे दोघे काही काळापुरता विवाह करून पुढे विभक्त होण्याचा करार करतात. काळे यांच्या एकत्र कुटुंबात राहताना मात्र ती एकमेकांच्या प्रेमात पडतात.

वैशिष्ट्ये

कथेतील संघर्ष खलपात्रांच्या कारस्थानांवर उभा नाही. ज्यांच्यापासून सत्य लपवायचे ती माणसे प्रेमळ आहेत. त्यामुळे राधाला त्यांचा लळा लागतो तसतसे खोटे जड होत जाते. गुपित प्रेक्षकांना ठाऊक, पण घरात अज्ञात. विनोद आणि हुरहुर दोन्ही यातूनच निर्माण होतात. स्पृहा जोशी यांनी साकारलेली कवितावेडी कुहू हे लक्षवेधी पात्र होते. मोहन जोशी, विनय आपटे, श्रीकांत मोघे व रेखा कामत यांच्याही भूमिका होत्या.

तुलना

करारविवाहाचे हेच सूत्र टीबीएस वाहिनीच्या ‘निगेरु वा हाजी दा गा याकु नि तात्सु’ (२०१६) या ११ भागांच्या जपानी मालिकेत आढळते. तेथे पत्नीला वेतन मिळत असल्याने घरकामाच्या मोलाचा प्रश्न पुढे येतो. मराठी मालिकेत कुटुंबाचा विश्वास पणाला लागतो.

पुढील मालिका

२०१३ मध्ये याच वाहिनीवर एका लग्नाची तिसरी गोष्ट ही मालिका सुरू झाली. तीत उमेश कामत व स्पृहा जोशी प्रमुख भूमिकांत होते.