अंड्याची पोळी आणि भरतीचं वेळापत्रक

मंडळी, आपल्याकडे खेड्यापाड्यांतून आम्लेटाला अंड्याची पोळी म्हणतात. नाव अगदी चपखल आहे. तव्यावर ओतायचं, उलथन्यानं उलटायचं आणि भाकरीबरोबर खायचं. पण हीच पोळी दोन बोटं फुगलेली, पिंजलेल्या कापसासारखी हलकी, आतून किंचित ओलसर अशी तुम्ही कधी पाहिली आहे काय? ती घरच्या चुलीवर करता येते. कशी, ते पुढे सांगणारच आहे. त्याआधी मात्र फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका खडकाळ बेटावर जाऊ. अशा फुगलेल्या आम्लेटाची कीर्ती दूरवर पोहोचवली ती तिथल्या एका बाईनं, आणि ती बाई त्या बेटावर आली होती मोलकरीण म्हणून. जे अंडं खात नाहीत त्यांनी उठून जायचं कारण नाही. निम्मी गोष्ट समुद्राची आहे.

आधी शब्दाचं पाहू. आम्लेट हा शब्द इंग्रजीतून आपल्याकडे आला, इंग्रजीत फ्रेंचमधून गेला, आणि त्याचं मूळ लॅटिन भाषेत ‘लामेल्ला’ म्हणजे पातळ पत्रा, चपटं पातं, या शब्दात आहे. फ्रेंचांनी या शब्दाच्या मागे लागणारं उपपद आणि शब्द यांची फोड चुकीच्या जागी केली. ‘ला लेमेल’चं ‘ल आलेमेल’ झालं, त्याचं ‘आलुमेत’, आणि अक्षरांची उलटापालट होत होत ‘ओमलेत’. शिक्षक बंधुभगिनींना वर्गात सांगायला याच जातीचं आणखी एक उदाहरण देतो. आपलं नारिंग अरबांबरोबर युरोपात गेलं आणि त्याच्या तोंडचा ‘न’ उपपदांच्या गर्दीत हरवला. तेच आज ‘ऑरेंज’ म्हणून पुस्तकात परत येतं. तर गंमत अशी, की आम्लेट म्हणजे मुळात चपटा पत्रा! म्हणजे आपली पोळीच शब्दाला धरून आहे. फुगलेलं आम्लेट हेच शब्दाला सोडून.

पदार्थ शब्दाहून पुष्कळ जुना. आपिकियुसच्या नावावर असलेल्या जुन्या रोमन पाककृतिसंग्रहात ‘दुधातली स्पंजासारखी अंडी’ अशी एक कृती आहे. चार अंडी, सुमारे पाव लिटर दूध आणि एक औंस तेल एकत्र फेटायचं, पातळ तव्यात तेल तापवून त्यात ओतायचं, एक बाजू झाली की गोल ताटात उलटून वर मध आणि मिरपूड घालायची. अंड्यावर मध म्हटल्यावर आपण नाक मुरडू, पण ‘स्पंज’ या शब्दाकडे लक्ष द्या. अंड्यात हवा कोंडली म्हणजे ते हलकं होतं, हे त्या स्वयंपाक्यांना उमगलेलं होतं.

आता बेटाकडे वळू. फ्रान्सच्या वायव्येला, नॉर्मंडी आणि ब्रिटनी या प्रांतांच्या शिवेवर एक उथळ खाडी आहे आणि तिच्यात मों सँ मिशेल नावाचा एक उंच खडक आहे. इ. स. 708 मध्ये आव्रांशचा बिशप ओबेर यानं तिथे पहिलं प्रार्थनामंदिर उभारलं, असं परंपरा सांगते. पुढे शतकानुशतकं त्या खडकावर मजल्यावर मजले चढत मोठा मठ झाला. अलिबागचा कुलाबा किल्ला ज्यांनी पाहिला आहे त्यांना इथली रीत लगेच कळेल: ओहोटीला पायी जावं, भरती आली की वाट बंद. फरक एवढाच, की मुंबईला मोठ्या उधाणाचं पाणी पाच मीटरच्या आसपास चढतं, आणि या खाडीत ओहोटी व भरती यांतलं अंतर मोठ्या उधाणाला 14 मीटरपर्यंत जातं. चार मजली घराएवढं पाणी! शिवाय वाळू अशी, की पाय रुतला तर निघणं मुश्किल. इंग्लंडचा पुढे राजा झालेला हॅरल्ड यानं या भागातल्या क्वेनों नदीच्या रुतत्या वाळूतून सैनिकांना ओढून काढलं, हे दृश्य बाये येथल्या अकराव्या शतकातल्या प्रसिद्ध भरतकामात चितारलेलं आहे, आणि वर कोपऱ्यात हा मठही आहे. म्हणजे यात्रेकरू इथे यायचे ते जिवावर उदार होऊन, समुद्र वाट देईल तेव्हा, आणि चिखलानं माखून.

फ्रेंच राज्यक्रांतीनंतर मठाचा तुरुंग झाला. तो 1863 मध्ये बंद झाला तेव्हा इमारतींची पार दुर्दशा झालेली होती. 1872 मध्ये सरकारनं एदुआर कोरवाये या वास्तुतज्ज्ञाला तिथे पाठवलं; 1874 मध्ये मठाला राष्ट्रीय स्मारक ठरवण्यात आलं. कोरवाये साहेब आले ते कुटुंबासह, आणि कुटुंबाबरोबर घरकामाला असलेली एक तरुण मुलगीही आली. तिचं नाव आनेत बुत्यो. जन्म 1851, नेव्हेर गावचा. बेटावरच्या पाववाल्याचा मुलगा व्हिक्तोर पुलार याच्याशी तिची ओळख झाली, 1873 मध्ये दोघांचं लग्न झालं, आणि नोकरी सोडून ती बेटावर राहिली. नवराबायकोनं खानावळ चालवायला घेतली.

इतिहासाच्या जाड पुस्तकात कोरवायेंचं नाव सापडतं, आणि ते योग्यच आहे. पडक्या भिंती त्यांनी सावरल्या. परंतु गेली शंभर वर्षं त्या बेटाबरोबर सामान्य माणसाच्या तोंडी जे नाव येतं, ते साहेबांचं नव्हे, त्यांच्या मोलकरणीचं. ‘मेर पुलार’, म्हणजे पुलार आई. आपण एखाद्या खानावळवाल्या बाईला मावशी म्हणतो ना, तसंच ते.

तिनं केलं काय? तिच्यापुढचा प्रश्न साधा होता आणि प्रत्येक घरच्या बाईला ठाऊक असलेला होता: पाहुणा केव्हा येईल याचा नेम नाही. इथे तर पाहुण्याची वेळ चंद्र ठरवायचा. कुणी ओहोटीबरोबर भल्या पहाटे येई, कुणी उन्हं कलल्यावर, आणि परतीची वाट बुडण्याआधी निघायची घाई. मांस भाजायला तासन्‌तास लागतात. तेवढा वेळ भुकेलेला, भिजलेला माणूस थांबायचा कसा? म्हणून माणूस दारात आला की अंडी फोडायची, तांब्याच्या भांड्यात खळाखळा फेटायची, लांब दांड्याचा तवा धगधगत्या लाकडांवर धरायचा, आणि काही मिनिटांत फुगलेलं आम्लेट पुढे ठेवायचं. बाकीचं जेवण मागाहून. 1879 मध्ये बेटाला किनाऱ्याशी जोडणारा बांध झाला आणि गर्दी वाढली. 1888 मध्ये पुलार दांपत्यानं वेशीजवळ नवं हॉटेल उघडलं. 1901 मध्ये पोंतोर्सोंहून छोटी आगगाडीही आली. भरतीचं भय संपलं, पण आम्लेट राहिलं. आता लोक मुद्दाम त्याच्यासाठी येऊ लागले.

आणि मग सुरू झाल्या वावड्या. कुणी म्हणे ती त्यात साय घालते, कुणी म्हणे पांढरं जास्त आणि पिवळं कमी. काहीतरी गुपित असलंच पाहिजे, असा लोकांचा हट्ट. अखेर 1922 मध्ये रोबेर व्हियेल नावाच्या उपाहारगृहवाल्यानं तिला पत्र लिहून सरळ विचारलं. सत्तरी ओलांडलेल्या बाईनं चार ओळींत उत्तर धाडलं. त्याचा आशय असा: चांगली अंडी भांड्यात फोडते, छान फेटते, तव्यात लोण्याचा चांगला गोळा टाकते, त्यात अंडी ओतते आणि तवा सारखा हलवत राहते. संपलं! ना साय, ना मसाला.

हे उत्तर पुष्कळांना पटलं नाही. माझ्या मते ते खरं होतं. मोठ्या आचाऱ्यानं चांगलं रांधलं तर त्याला विद्या म्हणायचं, आणि घरकाम करून वर आलेल्या बाईनं रांधलं तर तिच्याकडे काहीतरी लपवलेलं आहे असं समजायचं, ही खोड फ्रान्सातलीच आहे असं नाही. ‘छान फेटते’ या दोन शब्दांत किती वर्षांचं मनगट आहे, ते विचारणाऱ्यांच्या ध्यानात येत नव्हतं. 1931 मध्ये ती वारली. नवऱ्याशेजारी, बेटावरच्याच लहानशा दफनभूमीत तिची कबर आहे. चांगले पतिपत्नी आणि चांगले खानावळवाले असा दोघांचा उल्लेख त्यांच्या दगडावर आहे, आणि त्यांनी पाहुण्यांचं जसं स्वागत केलं तसं देवानं त्यांचं करावं, अशी प्रार्थना. त्या नावाचं हॉटेल अजून चालू आहे, आणि तांब्याच्या भांड्यांत अंडी फेटण्याचा ठेका अजून दारात ऐकू येतो. जुना बांध मात्र काढून टाकला. त्याच्यामुळे खाडीत गाळ साचत होता. 2014 पासून खांबांवरचा पूल आहे आणि खालून पाणी मोकळं खेळतं.

आता तांब्याचं भांडं कशाला, हे पाहू. अंड्याच्या पांढऱ्यात शेकडा 88 च्या आसपास पाणी आणि 10 च्या आसपास प्रथिनं असतात. ही प्रथिनं म्हणजे गुंडाळलेले दोरे समजा. फेटलं की दोरे उलगडतात, एकमेकांत गुंततात आणि त्या जाळ्यात हवेचे बुडबुडे अडकतात. तव्यावर ती हवा आणि वाफ फुगते, तोवर उष्णतेनं जाळं आवळून घट्ट होतं. म्हणून फुगलेलं टिकतं. पण फार फेटलं, तर दोरे इतके आवळतात की फेस रवाळ होतो आणि पाणी सुटतं. तांब्याच्या भांड्यात हे सहजी होत नाही. हॅरॉल्ड मॅगी आणि स्टॅनफर्डच्या दोन शास्त्रज्ञांनी 1984 मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात याचा उलगडा मांडला, की तांब्याचे कण पांढऱ्यातल्या एका प्रथिनाला चिकटून त्याला बळकटी देतात. पुढे मॅगी यांनीच त्यात दुरुस्ती केली: प्रथिनांमधल्या गंधकांचे परस्परांशी होणारे घट्ट बंध तांबं रोखतं, हे कारण मोठं. हे शास्त्र कुणी मांडण्याच्या कितीतरी आधी मेर पुलारच्या हाताला ते ठाऊक होतं.

आपल्याकडे तांब्याची भांडी आहेत, पण स्वयंपाकाच्या भांड्याला आपण कल्हई करतो, आणि कल्हईवर हा गुण चालत नाही. बिनकल्हईचं तांबं आंबटाला घातक. ताक, चिंच, लिंबू त्यात चालणार नाही. अंड्याचं पांढरं आंबट नाही, म्हणून चार-पाच मिनिटं फेटायला हरकत नाही, मात्र भांडं आधी घासून लख्ख करावं आणि अंडं त्यात ठेवू नये. तांबं नसेल तर स्टीलचं पातेलं घ्या आणि पांढऱ्यात लिंबाचे दोन-तीन थेंब टाका. फेस तसाच टिकतो. ॲल्युमिनियम नको, पांढरं काळपट पडतं. प्लॅस्टिकही नको, त्याला तेलाचा ओशटपणा धरून राहतो, आणि ओशट हा फेसाचा वैरी.

तर दोघांसाठी तीन अंडी घ्या. मेर पुलारनं पांढरं-पिवळं वेगळं करण्याबद्दल पत्रात काही लिहिलेलं नाही, पण आपल्या मनगटाला ते सोपं जातं. पांढऱ्यात पिवळ्याचा थेंबही जाऊ देऊ नका. घरात फेटणी नसली तर ताकाची लहान रवी चालते, पण ती गरम पाण्यानं धुऊन कोरडी केलेली हवी, लोण्याचा अंश राहिला तर मेहनत वाया. फेस पांढराशुभ्र होऊन रवी उचलल्यावर मऊ शेंडा उभा राहिला, की थांबा. पिवळ्यात मीठ, मिरपूड आणि चमचाभर दूध घालून ते फेसावर ओता आणि खालून वर असं हलक्या हातानं मिसळा. घुसळू नका, हवा पळते.

बिडाचा किंवा लोखंडी तवा तापवून लाकडं थोडी मागे ओढा. लोण्याचा गोळा टाका; तो चुरचुरून शांत झाला, म्हणजे त्यातलं पाणी उडालं, की मिश्रण ओता. पांढरं 60 अंश सेल्सिअसच्या पुढे घट्ट होऊ लागतं, पिवळं 65 च्या पुढे. उकळत्या पाण्याइतकीही उष्णता त्याला लागत नाही. मोठ्या जाळावर अंडं चामड्यासारखं होतं ते यामुळे. उलटायची खटपट करू नका. वर झाकण ठेवून त्यावर चार निखारे ठेवा. कोकणात भानोळं करताना ठेवतात तसे. दोन-तीन मिनिटांत वरची बाजू धरेल. लहान मुलं आणि गरोदर बाईसाठी मात्र आत ओलसर ठेवू नका, पुरतं शिजू द्या. कांदा-मिरची हवी असेल तर आधी परतून घ्या आणि शेवटी वर पसरून घडी घाला. कच्चा कांदा पाणी सोडतो आणि फेस बसतो.

आपल्याकडे आम्लेटानं दुसरेच मार्ग धरले. मुंबईच्या इराणी हॉटेलात ते पावाबरोबर आलं, गोव्यात कोंबडीच्या रश्शात बुडून ‘रोस आम्लेट’ झालं, आणि शाकाहारी घरांत बेसनाच्या धिरड्यालाच लोक ‘टोमॅटो आम्लेट’ म्हणू लागले, अंड्याचा पत्ता नसताना! ही सगळी पोळीच्या जातीची. गार झाली तरी बिघडत नाहीत, डब्यातही जातात.

फुगलेल्या आम्लेटाचं तसं नाही. आतली हवा थंड झाली की ते खाली बसतं, आणि बसलेलं पुन्हा उठत नाही. तेव्हा पाहुण्याला हातपाय धुवायला पाणी द्या, पाट मांडा, भाकरी ताटात वाढा, आणि मग पहिलं अंडं फोडा.