परिचारिकांवरील हल्ले : नोंद का आणि कशी?

अंबाजोगाई : रात्रपाळीत नातेवाइकांनी केलेली शिवीगाळ, अंगावर धावून जाणे, इंजेक्शन देताना हाताला टोचलेली सुई अशा घटना परिचारिकांच्या सेवेत घडतात. मात्र, ‘हे नेहमीचेच’ असे म्हणून त्यांपैकी अनेकांची लेखी नोंदच होत नाही. नोंद नसली, की वेळेवर उपचार मिळत नाहीत आणि कायद्याचा आधारही दुबळा होतो.

येथील स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९७४ मध्ये सुरू झाले. त्याच्या रुग्णालयात बीडसह शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात. अशा मोठ्या शासकीय रुग्णालयांत नातेवाइकांच्या रोषाला प्रथम सामोरे जावे लागते ते बहुधा कक्षातील परिचारिकेलाच.

अपुऱ्या नोंदीची किंमत

अपुरी नोंद किती महागात पडते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २७ नोव्हेंबर १९७३ रोजी परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर तेथीलच सफाई कामगाराने हल्ला केला. गुन्हा जबरी चोरी व खुनाच्या प्रयत्नाचा नोंदला गेला. लैंगिक अत्याचाराचा त्यात समावेश झाला नाही. आरोपी सात वर्षांची शिक्षा भोगून सुटला. शानबाग मात्र १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्याच रुग्णालयात अंथरुणाला खिळून होत्या. त्यांची शुश्रूषा सहकारी परिचारिकांनी केली.

कायद्याचे संरक्षण

महाराष्ट्राच्या २०१० च्या कायद्यानुसार वैद्यकीय सेवेतील व्यक्तींवरील हिंसाचार हा दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व ५० हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी करावी लागते. सबळ कारण असल्यास समिती ही मुदत आणखी तीन महिने वाढवू शकते. कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयातील घटनेनंतर १६ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने आदेश काढला. कर्तव्यावरील कर्मचाऱ्यावर हल्ला झाल्यास सहा तासांच्या आत संस्थेमार्फत गुन्हा दाखल करण्याची जबाबदारी त्याद्वारे संस्थाप्रमुखांवर टाकण्यात आली.

सुई टोचल्यास

वापरलेली सुई टोचल्यास जखम साबण व पाण्याने धुवून त्वरित कळवावे. एचआयव्ही प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात. उशिरा केलेल्या नोंदीचा येथे उपयोग होत नाही.

नोंद कशी करावी?

घटनेची तारीख, वेळ, कक्ष, घडलेला प्रकार व साक्षीदारांची नावे त्याच पाळीत लिहून काढावीत. अर्ज परिसेविका किंवा अधिसेविकांमार्फत द्यावा आणि पोच घेतलेली प्रत स्वतःजवळ ठेवावी. इजा झाली असल्यास वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. केवळ शिवीगाळ झाली, तरी ती नोंदवावी.

कोणत्या कक्षात, कोणत्या पाळीत सुरक्षारक्षक कमी पडतात, हे प्रशासनाला अशा नोंदी एकत्र पाहूनच कळू शकते. मात्र, तक्रार करणाऱ्या परिचारिकेलाच दोष दिला जाणार नाही, याची हमी वरिष्ठांनी दिली तरच या नोंदी वाढतील.