वाहन-उत्सर्जन तपासणीची वाटचाल : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
वाहनात उत्सर्जन-नियंत्रण यंत्रणा बसविणे आणि ती वर्षानुवर्षे नीट चालते की नाही हे तपासणे, या दोन भिन्न बाबी आहेत. पहिलीची चर्चा पुष्कळ होते. दुसरी मात्र दुर्लक्षित राहते. वस्तुतः प्रदूषणविषयक कायद्याचे यश तपासणीवरच अवलंबून असते. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याच्या अनुभवाच्या आधारे या तपासणीचा विकास मांडून त्याचा भारतीय संदर्भ स्पष्ट केला आहे.

पार्श्वभूमी :
जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके पसरले. महायुद्धाचा काळ असल्याने हा शत्रूचा वायुहल्ला असावा, अशीही शंका नागरिकांना आली. पुढे १९५० च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मिट यांनी या धुरक्याचे मूळ उलगडले. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो, हे त्यांनी दाखवून दिले. हायड्रोकार्बन केवळ सायलेन्सरमधून बाहेर पडत नाहीत. इंजिनाचा क्रँककेस, कार्ब्युरेटर आणि पेट्रोलची टाकी येथूनही ते निसटतात. म्हणून १९६१ पासून कॅलिफोर्नियात क्रँककेसमधील वायू इंजिनात परत नेणारी झडप आली. १९७० च्या मॉडेलांपासून टाकीतील वाफ शोषणारा कोळशाचा डबा आणि १९७५ च्या मॉडेलांपासून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आले.

तपासणीचे टप्पे :
यंत्रणा आली, तशा पळवाटाही आल्या. स्वस्त शिसेयुक्त पेट्रोल भरल्याने कन्व्हर्टर निकामी होत असे. काही वाहनांतून तो काढूनच टाकला जाई. त्यामुळे १९८४ मध्ये सुरू झालेल्या कॅलिफोर्नियाच्या 'स्मॉग चेक' योजनेत धुराच्या मोजमापाबरोबर भागांची प्रत्यक्ष पाहणीही समाविष्ट करण्यात आली.

तथापि, टाकीच्या झाकणातील किंवा रबरी नळीतील बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. १९९६ पासून अमेरिकेत नव्या मोटारींना अनिवार्य झालेल्या ओबीडी-२ प्रणालीने हे काम वाहनाकडेच सोपविले. इंधनाची वाफ-यंत्रणा बंद करून आतील दाब टिकतो की नाही, हे संगणक पाहतो. दोष आढळल्यास संकेतांक नोंदवून चालकासमोरील दिवा लावतो. जुन्या वाहनांसाठी डिसेंबर २००७ पासून अशाच दाब-चाचणीचा अवलंब तपासणी केंद्रांत करण्यात आला.

संकेतांक पुसून वाहन तपासणीस आणण्याची युक्तीही निघाली. परंतु स्वयंचाचण्या पूर्ण झाल्या आहेत की नाहीत, याचीही नोंद संगणकात राहते. म्हणून अशी वाहने परत पाठविता येतात. सप्टेंबर २०१५ मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणाने मात्र एक वेगळाच धडा दिला. प्रयोगशाळेतील चाचणी ओळखून उत्सर्जन कमी दाखविणारी आज्ञावली उत्पादकानेच डिझेल मोटारींत बसविली होती. वाहनाच्या स्वतःच्या साक्षीला रस्त्यावरील मोजमापाची जोड हवी, हे त्यातून सिद्ध झाले.

भारतीय संदर्भ :
केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११५ हा भारतातील 'पीयूसी' तपासणीचा पाया होय. उभ्या पेट्रोल वाहनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण चारचाकीसाठी ३ टक्के व दुचाकी-तीनचाकीसाठी ४.५ टक्के या मर्यादेत असावे, असे मूळ निकष होते. पुढे ते कडक झाले. एप्रिल २०१३ पासून चारचाकी वाहनांना ओबीडी-२ आणि एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ निकष लागू झाले. २०१९ च्या दुरुस्तीने पहिल्या गुन्ह्याचा १,००० रुपयांचा दंड १०,००० रुपयांपर्यंत वाढविला. परंतु पीयूसीचा भर प्रामुख्याने सायलेन्सरच्या धुरावरच राहिला. परिणामी, टाकीतून वाफ गळणारे वाहनही प्रमाणपत्रास पात्र ठरू शकते.

निष्कर्ष :
तपासणीचा प्रत्येक टप्पा आधीच्या टप्प्यातील पळवाटेतून जन्मला, असे हा इतिहास सांगतो. दंड दसपट वाढविणाऱ्या व्यवस्थेवर दोष अचूक शोधण्याची जबाबदारीही तितकीच येते. अन्यथा रिक्षाचालकाला प्रमाणपत्राचा भुर्दंड पडेल आणि चौकातील वाहतूक पोलिसाच्या श्वासात जाणारी हवा मात्र तशीच राहील. वाहनातील संगणकाची नोंद, वाफ-गळतीची चाचणी आणि रस्त्यावरील मोजमाप यांची सांगड घालणे, ही यापुढील दिशा असावी.