फियाट ११०० आणि तिचे मालक : टंचाईच्या काळातील एका कुटुंबोपयोगी मोटारीचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

यंत्रोद्योगाचा इतिहास सामान्यतः कारखान्याच्या बाजूने लिहिला जातो. परवाने, भांडवल, परकीय कंपन्यांशी झालेले करार आणि उत्पादनाचे आकडे ही त्याची साधने असतात, आणि यंत्र कारखान्याच्या फाटकाबाहेर पडले की हा इतिहास बहुधा तेथेच थांबतो. मोटारीसारख्या वस्तूचे आयुष्य मात्र त्या फाटकाबाहेरच सुरू होते. ती कोणी घेतली, किती प्रतीक्षेनंतर घेतली, कोणत्या पैशातून घेतली, ती बिघडली तेव्हा कोणी दुरुस्त केली आणि अखेरीस तिचे काय झाले, हे प्रश्न विचारल्यावाचून त्या वस्तूचा सामाजिक अर्थ हाती लागत नाही.

मुंबईतील कुर्ला येथे १९५० च्या दशकापासून तयार होऊ लागलेली आणि पुढे ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने ओळखली गेलेली फियाट ११०० ही मध्यम आकाराची कुटुंबोपयोगी मोटार या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. तिच्याविषयी आज सर्वत्र एक मत प्रचलित आहे. ते असे की, ही मोटार अत्यंत टिकाऊ होती, आणि म्हणूनच ती पंधरा-वीस किंवा त्याहूनही अधिक वर्षे एकाच कुटुंबात राहिली. हे मत कितपत ग्राह्य आहे, मोटारीचे दीर्घायुष्य हा यंत्राचा गुण होता की परिस्थितीचा परिणाम होता, याचा विचार प्रस्तुत निबंधात करावयाचा आहे.

२. पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीची स्थापना केली. प्रारंभी तिचा संबंध अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी होता, आणि कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज, डिसोटो, प्लिमथ अशा मोठ्या गाड्या सुट्या भागांतून जोडल्या जात. सुमारे याच सुमारास बिर्ला उद्योगसमूहाची हिंदुस्थान मोटर्स ही कंपनीही उभी राहिली होती. १९४२ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचे काम पुढे कलकत्त्यानजीक उत्तरपाडा येथे स्थिरावले.

स्वातंत्र्यानंतर शासनाचे धोरण निश्चित होत गेले. पूर्ण बांधलेल्या मोटारींच्या आयातीवर निर्बंध आले. १९५१ च्या उद्योग (विकास व नियमन) अधिनियमाने उत्पादनास परवाना आवश्यक ठरला. आणि १९५३ साली प्रशुल्क आयोगाच्या शिफारशींनंतर असा दंडक घातला गेला की, ज्यांच्यापाशी देशातच क्रमाक्रमाने सर्व भाग तयार करण्याची योजना आहे त्यांनीच मोटारीच्या धंद्यात राहावे. १९२८ पासून मुंबईत मोटारी जोडणाऱ्या जनरल मोटर्स कंपनीने त्यानंतर आपले येथील काम आवरते घेतले. फोर्ड कंपनीनेही तेच केले. प्रवासी मोटारींचा बाजार यापुढे प्रामुख्याने तीनच कंपन्यांच्या हाती राहिला : उत्तरपाड्याची हिंदुस्थान, मद्रासची स्टँडर्ड आणि कुर्ल्याची प्रीमियर.

प्रीमियरने इटलीतील फियाट कंपनीशी करार करून १९५४ च्या सुमारास ११०० ही गाडी हाती घेतली. पहिल्या नमुन्याच्या पुढील दरवाजांच्या बिजागऱ्या मागील बाजूस असत, व त्याच्या गोलाकार पुढ्यामुळे लोकांनी त्यास ‘डुक्कर फियाट’ असे नाव दिले. १९६४ च्या सुमारास ‘डिलाइट’ हा सरळ रेषांचा नमुना आला, आणि तोच बाह्याकार किरकोळ फेरफारांसह शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. १९७० च्या दशकात फियाटचे नाव गाडीवरून गेले. काही काळ ‘प्रीमियर प्रेसिडेंट’ आणि १९७४ पासून ‘प्रीमियर पद्मिनी’ असे तिचे नामकरण झाले. बोलीत मात्र ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली. कारखान्याने बदललेले नाव ग्राहकाने स्वीकारू नये, ही गोष्ट लहान असली तरी सूचक आहे. गाडीची ओळख कोणाच्या स्वाधीन होती, हे तीवरून कळते.

३. प्राप्तीचा अनुभव

त्या काळातील मोटारमालकाचा अनुभव मोटार हाती येण्यापूर्वी कित्येक वर्षे सुरू होत असे. उत्पादन परवान्याने मर्यादित आणि मागणी त्याहून पुष्कळ अधिक, अशी स्थिती असल्यामुळे शासनाने १९५९ साली मोटारींच्या वाटपावर व विक्रीवर नियंत्रण आणणारा आदेश काढला. इच्छुकाने नाव नोंदवावे, टपाल खात्याच्या बचत बँकेत अनामत ठेव ठेवून तिचे पुस्तक विक्रेत्याकडे तारण द्यावे, आणि क्रमांक येईपर्यंत वाट पाहावी, अशी ही पद्धती होती. गाडी मिळाल्यावरही विशिष्ट मुदत संपेपर्यंत ती विकण्यास मनाई असे. शासकीय गरजांसाठी वेगळा वाटा राखून ठेवला जाई. त्यामुळे सामान्य नागरिकाची रांग आणखी लांबत असे.

या व्यवस्थेचा एक परिणाम असा झाला की, वापरलेली गाडी नव्या गाडीच्या अधिकृत किमतीच्या जवळपास, क्वचित् तीहून अधिक मोलाने विकली जाऊ लागली. नव्या गाडीस ‘ऑन’ द्यावा लागे हा मुंबईच्या व्यवहारातील शब्दप्रयोग याच काळात मोटारीस लागू झाला. अर्थशास्त्राच्या सामान्य नियमानुसार मोटारीचे मूल्य वापराने घटते. येथे मात्र मोटार ही सोन्याप्रमाणे मूल्य टिकवून धरणारी मत्ता बनली. गाडीवर शुभमुहूर्ताने हळदकुंकू वाहणे, दसऱ्यास तिला झेंडूची माळ घालणे हे आचार श्रद्धेचे खरेच. तथापि त्यांच्यामागे ही वस्तू पुन्हा सहजासहजी मिळणार नाही ही व्यावहारिक जाणीवही होती.

किमतीचा भार किती होता, याचे एक बोलके उदाहरण उपलब्ध आहे. लालबहादूर शास्त्री पंतप्रधान असताना त्यांच्या कुटुंबाने फियाट घेतली. त्यांच्या पुत्राने पुढे सांगितल्याप्रमाणे गाडीची किंमत सुमारे १२,००० रुपये होती, शास्त्रीजींच्या खात्यावर सुमारे ७,००० रुपये होते, आणि उरलेल्या ५,००० रुपयांसाठी त्यांनी पंजाब नॅशनल बँकेकडून कर्ज घेतले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज फिटलेले नव्हते. ललिता शास्त्री यांनी आपल्या निवृत्तिवेतनातून ते फेडले. ही गाडी आज दिल्लीतील शास्त्री स्मारकात जतन केलेली आहे.

हे उदाहरण सामान्यतः शास्त्रीजींच्या सचोटीचा पुरावा म्हणून सांगितले जाते, आणि तसा तो आहेच. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाने त्यातील आणखी दोन गोष्टी लक्षात घ्यावयास हव्यात. देशाच्या सर्वोच्च कार्यकारी पदावरील व्यक्तीस केवळ वेतनावर जगावयाचे ठरविल्यास ज्या गाडीसाठी ऋण काढावे लागते, ती ‘मध्यमवर्गाची गाडी’ होती हे विधान फार सावधपणे करावे लागते. वास्तविक ती मध्यमवर्गाच्या वरच्या एका पातळ थराचीच गाडी होती. दुसरी गोष्ट अशी की, मालकीची अखेरची जबाबदारी गाडीच्या नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव असते त्याच्यावरच पडते असे नाही. घरखर्चातून हप्ता काढणाऱ्या स्त्रियांचा या इतिहासातील वाटा क्वचितच नोंदला गेला आहे.

४. वापराचा अनुभव

यंत्रदृष्ट्या ही गाडी साधी होती. १,०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, चार गती, मागील चाकांना मिळणारी चालना, चारही चाकांना ड्रम पद्धतीचे ब्रेक, आणि सुकाणूच्या दांड्यावर बसविलेला गिअरचा दांडा. या शेवटच्या रचनेमुळे पुढील आसन सलग बाकासारखे ठेवता येई. पुढे तिघे आणि मागे चौघे, त्यांत मांडीवरची मुले वेगळी, अशी एकत्र कुटुंबाची मांडणी त्या बाकावर सहज बसत असे. युरोपातील चार-पाच माणसांच्या कुटुंबासाठी आखलेली गाडी येथे आजीआजोबांसह साऱ्या घराची गाडी झाली ती या आसनाच्या आधारावर. पुढे १९९० च्या दशकात काही नमुन्यांत गिअरचा दांडा जमिनीवर आला, तेव्हा मधल्या माणसाची जागा गेली. तोवर कुटुंबेही लहान झाली होती.

समकालीन ॲम्बॅसडरशी तुलना केली असता फियाट अंगाने लहान, वजनाने हलकी आणि पेट्रोलाच्या बाबतीत काटकसरी होती. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोलाच्या किमती भडकल्या तेव्हा हा गुण विशेष मोलाचा ठरला. मुंबईच्या अरुंद गल्ल्यांत ती सुलभपणे वळे. म्हणून शहराच्या टॅक्सीव्यवसायानेही तिचाच स्वीकार केला, आणि काळ्या-पिवळ्या रंगातील फियाट ही मुंबईची खूण ठरली.

उणिवाही थोड्या नव्हत्या. उन्हाळ्यात बोरघाट चढताना इंजिन तापणे, रेडिएटरचे झाकण उघडून वाफ जिरेपर्यंत कडेला थांबणे, त्यासाठी पाण्याचा डबा डिकीत बाळगणे हा पुण्यामुंबईच्या मालकांचा नेहमीचा अनुभव होता. सागरी हवेने आणि पावसाने पत्रा गंजत असे. सुट्या भागांचा दर्जा एकसारखा नसे. मोटारींच्या गुणवत्तेविषयीच्या तक्रारी इतक्या वाढल्या की, १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात शासनास त्यांची चौकशी करण्यासाठी समिती नेमावी लागली. किमतीचा वादही मोठा झाला. १९६९ मध्ये शासनाने ठरविलेल्या विक्रीकिमतींविरुद्ध उत्पादक सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्या प्रकरणाचा निर्णय १९७१ मध्ये लागला. उत्पादकांचे म्हणणे किंमत परवडत नाही असे होते, ग्राहकांचे म्हणणे दर्जा मिळत नाही असे होते. स्पर्धा नसलेल्या बाजारात या दोन्ही तक्रारी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

५. दुरुस्तीचा अनुभव

येथे मूळ प्रश्नाकडे परत यावयास हवे. ज्या गाडीच्या दर्जाची शासनास चौकशी करावी लागली, तीच गाडी टिकाऊपणाचा आदर्श म्हणून स्मरणात कशी राहिली?

याचे उत्तर गॅरेजात सापडते. नवी गाडी दुर्मीळ व महाग, आणि दुरुस्तीची मजुरी स्वस्त, अशा परिस्थितीत कोणताही भाग फेकून देण्यापेक्षा तो पुन्हा कामास लावणे लाभाचे होते. सिलिंडर झिजले की रिबोअर करावयाचे, पिस्टनच्या रिंगा बदलावयाच्या, क्लचप्लेटला नवे अस्तर लावावयाचे, गंजलेला पत्रा कापून नवा तुकडा जोडावयाचा आणि वर रंग द्यावयाचा. ही कामे करणारे मिस्त्री बहुधा कोणत्याही तंत्रशाळेत शिकलेले नसत. उस्तादाच्या हाताखाली पोरवयापासून पाने-पक्कड उचलून ते तयार होत. सुमारे साडेतीन दशके गाडीचा मूळ आराखडा जवळजवळ स्थिर राहिल्यामुळे एकदा कमावलेले ज्ञान जन्मभर पुरे, आणि एका वर्षीचा भाग दुसऱ्या वर्षीच्या गाडीस बसे. ज्या अपरिवर्तनाबद्दल उत्पादकास दोष दिला जातो, त्याच अपरिवर्तनावर मिस्त्रीचे कौशल्य आणि मालकाचा निर्धास्तपणा उभा होता.

स्वतः मालकही अर्धा मिस्त्री बनत असे. प्लग घासणे, पॉइंट साफ करणे, कार्बोरेटरमधील कचरा काढणे, थंडीत चोक किती ओढावयाचा याचा अंदाज असणे, या गोष्टी त्यास येत. हे ज्ञान हौसेचे होते असे मानणे बरोबर होणार नाही. त्यावाचून गत्यंतर नव्हते. हौस मागाहून आली, आणि स्मृतीत तीच अधिक ठळक राहिली.

६. अखेर

१९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० बाजारात आली आणि मालकाच्या अपेक्षा पालटल्या. कळ फिरवताच सुरू होणारी, घाटात न तापणारी गाडी मिळू शकते हे दिसल्यावर दहा वर्षांपूर्वी जी सहनशीलता स्वाभाविक वाटत होती, ती अनावश्यक वाटू लागली. पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. टॅक्सीच्या रूपाने ती मुंबईत आणखी दोन दशके राहिली. वयोमर्यादेच्या नियमानुसार शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस सेवेतून बाहेर पडली. जी गाडी कुर्ल्यात घडली, तिच्यातील कित्येक गाड्या शेवटी कुर्ल्याच्याच भंगारबाजारात सुट्या झाल्या.

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, फियाटचे दीर्घायुष्य हे मुख्यतः यंत्राचे नसून तिच्याभोवती उभ्या राहिलेल्या श्रमव्यवस्थेचे होते. यंत्राचा साधेपणा हे त्यास साहाय्यभूत झालेले कारण होय. तथापि पर्यायांचा अभाव, वापरलेल्या गाडीचे टिकून राहणारे मूल्य आणि अल्प मोबदल्यावर काम करणारे हात ही त्याची निर्णायक कारणे होत. या गाडीच्या आठवणी आज ज्यांच्याकडून ऐकावयास मिळतात, ते बहुतांशी तिच्या मालकांच्या घरातील लोक आहेत. रांगेत नाव असूनही गाडी न मिळालेले, आणि बोनेटखाली वाकून ती वर्षानुवर्षे चालती ठेवणारे, यांच्या आठवणी फारशा संकलित झालेल्या नाहीत. कुर्ला, दादर, ग्रँट रोड या भागांतील त्या पिढीचे मिस्त्री आता वृद्ध झाले आहेत. त्यांचे कथन वेळीच नोंदले गेले नाही, तर या गाडीचा इतिहास केवळ मालकांच्या जिव्हाळ्याचा इतिहास होऊन राहील, आणि तो जिव्हाळा कोणाच्या श्रमावर पोसला गेला हे सांगणारा पुरावा उरणार नाही.